दोन दिव्यांचा पत्ता

मी खेळातला एक जुना पत्ता आहे. नाव झाकण. हसलात ना? हसा, मित्रांनो, मला सवय आहे. ज्या खेळात गरुड, ज्वालामुखी, सात शेपट्यांचा साप अशी बडी मंडळी आहेत, त्यात माझ्या अंगावर चित्र काय, तर उकळत्या पातेल्यावर झाकण ठेवणारा एक हात. हात कुणाचा तेही दिसत नाही. चित्रकाराला त्या दिवशी जेवायची घाई असावी.

राजा-राणीच्या बावन्न पत्त्यांशी आमचं काही नातं नाही. आमच्या खेळात शेकडो निरनिराळे पत्ते असतात आणि त्यांतले चाळीस निवडून प्रत्येकाने आपापली गड्डी बांधायची असते. म्हणजे अर्धा खेळ समोरासमोर बसायच्या आधीच होऊन जातो. डाव सुरू झाला की दर पाळीला तुमचा एक दिवा वाढतो. पहिल्या पाळीला एक, दुसऱ्या पाळीला दोन, असं करत जायचं. प्रत्येक पत्त्यावर त्याची किंमत दिव्यांत लिहिलेली असते. तेवढे दिवे विझवायचे आणि पत्ता मांडायचा. पुढच्या पाळीला सगळे दिवे पुन्हा पेटतात. प्रत्येकाला वीस प्राण मिळतात. समोरच्याचे संपवले की जिंकलात.

माझं काम सोपं आहे. समोरच्याने पत्ता टाकला रे टाकला, की दोन दिवे विझवून मला वर ठेवायचं. त्याचा पत्ता रद्द. पण यात एक मेख आहे. मला समोरच्याच्या पाळीत वापरायचं असतं, म्हणून आपल्या पाळीत दोन दिवे न वापरता राखून ठेवावे लागतात. मी हातात असलो की माझ्या मालकाला दर वेळी दोन दिव्यांच्या कामावर पाणी सोडावं लागतं. वाट बघणं फुकट नसतं, हे मी जन्मापासून जाणून आहे.

जन्म छापखान्यातला. एका मोठ्या तावावर आम्ही शंभरावर भाऊबंद शेजारी शेजारी छापले गेलो. माझ्या उजवीकडे सोनेरी गरुड होता. त्याच्या अंगावर चमकी चढली आणि तेव्हापासून तो आमच्याशी बोलेनासा झाला. मग पातं खाली आलं, आम्ही सुटे झालो आणि दहा-दहाच्या पाकिटांत कोंबले गेलो. पाकिटात कोण निघेल ते घेणाऱ्याला माहीत नसतं, हीच त्यातली गंमत. माझं पाकीट ज्या गृहस्थाने फाडलं, तो मला बघून म्हणाला, "हात्तिच्या! झाकण." माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

त्याने मला तिथेच, दुकानातल्या एका खोक्यात टाकून दिलं. खोक्यावर लिहिलं होतं, 'नको असलेले. हवे तेवढे घ्या.' दोन वर्षं मी तिथे होतो. रोज हात यायचे, चाळवायचे, मला बाजूला सारून खालचा पत्ता उचलायचे. फुकट असूनही कुणी नेत नाही, यासारखं दुःख नाही, मित्रांनो.

ते दुकान एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे सहा टेबलं होती, त्यांवर हिरवं कापड, आणि भिंतीला काचेची कपाटं. दुकानवाल्या मावशींचा आवाज खणखणीत. चष्मा कपाळावर चढवून त्या दिवसभर चष्मा शोधायच्या. एक दिवस इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. दुरुस्तीला जो मेकॅनिक आला, त्याच्याबरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी होती. शाळेला सुट्टी, आई कपडे शिवून द्यायची आणि ते पोचवायला बाहेर गेलेली.

"मावशी, ही दोन तास इथे बसली तर चालेल का?" मेकॅनिकने विचारलं. "कशाला हात लावणार नाही."

"हात लावायलाच तर दुकान थाटलंय," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी नको असलेल्यांचं खोकं तिच्यापुढे सरकवलं.

मुलीने सगळं खोकं उपडं केलं. मला उचलून तिने खूप वेळ निरखलं. म्हणाली, "हे चित्र मला कळतं. हे आमच्या घरातलं आहे." आणि मला खिशात घातलं. त्या दिवशी लिफ्ट दुरुस्त झाली आणि माझंही नशीब हललं.

मुलीचं घरातलं नाव धांदू. धांदरट होती म्हणून. चपला उलट्या घालून शाळेत जाणारी, प्रश्न पूर्ण ऐकायच्या आत उत्तर देणारी. तिच्याशी खेळायला कुणी नव्हतं, म्हणून तिच्या बाबांनी खेळ शिकून घेतला. नियमांचं पत्रक त्यांनी लिफ्टच्या मोटारीचं माहितीपुस्तक वाचावं तसं वाचलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पेन्सिलीने खुणा करत. आईने दिव्यांसाठी रेनकोटाची बटणं काढून दिली. एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने काळी. पिवळी बाजू वर असली की दिवा पेटलेला, काळी वर आली की विझलेला. महिन्याभरात बाबा धांदूपेक्षा चांगलं खेळू लागले. त्यांचा स्वभावच तसा. हाती घेतलेल्या वस्तूचा शेवटचा स्क्रू कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

धांदूने मला पहिल्यांदा वापरलं ते एका उंदरावर. बाबांनी एक दिव्याचा उंदीर टाकला आणि हिने आनंदाने किंचाळत मला त्याच्यावर आपटलं. मला तर तोंड लपवावंसं वाटलं.

"धांदू, उंदरावर झाकण?" बाबा म्हणाले. "मग आता हा कशाने अडवणार?" आणि त्यांनी महापूर टाकला. आठ दिव्यांचा हा पत्ता. तो पडला की समोरच्याने मांडलेले सगळे प्राणी एका झटक्यात वाहून जातात. धांदूचे ससे, मुंगूस, कोल्हा, सगळे गेले. ती टेबलाखाली जाऊन रडली.

मग ती दुसऱ्या टोकाला गेली. मला जपून ठेवायची, आता नको, पुढच्याला, अजून मोठा येईल, असं करता करता मी हातातच राहायचो आणि डाव संपायचा. बाबा हसायचे नाहीत. पत्ते गोळा करत म्हणायचे, "लवकर टाकला तरी वाया, टाकलाच नाही तरी वाया. समोरच्याला कुठला पत्ता टाकल्यावाचून गत्यंतर नाही, ते ओळख. झाकण त्याच्यासाठी."

हळूहळू तिला ते जमलं. गड्डी बांधणंही जमलं. आवडता पत्ता आणि लागणारा पत्ता यांतला फरक कळायला तिला तीन वर्षं लागली. सोनेरी गरुड तिच्याकडेही आला होता, पण दिसायला देखणा, कामाला शून्य, म्हणून तिने त्याला बाहेर काढलं. मी राहिलो. त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार होतो, पण पत्त्यांना तशीही झोप नसते.

त्या वर्षांतली एक आठवण मी फार जपली होती. मी हातात आलो की धांदू मला सगळ्यात डावीकडे ठेवायची आणि माझ्या वरच्या कोपऱ्यावर अंगठा घासत बसायची. बाकी कुठल्या पत्त्याला असं करत नसे. मला वाटायचं, ही माया आहे. मी अंग चोरून, गुपचूप ते सुख घ्यायचो.

पण एक गोष्ट मला कळेना. मी हातात आलो की धांदू हरायची. बाबा आधी एखादा बरा पत्ता टाकायचे, धांदूला वाटायचं हाच तो, ती मला त्याच्यावर ठेवायची, आणि पुढच्याच पाळीला महापूर. एखाद्या रविवारी ती बाबांना हरवायचीही, पण तेव्हा मी गड्डीच्या तळाशी असायचो. मावशींच्या दुकानात दर वर्षी एक स्पर्धा व्हायची. बाप-लेक दोघंही उतरायचे. धांदू बाकीच्यांना धूळ चारायची, आणि बाबांशी गाठ पडली की संपलं. चार वर्षं, चार पराभव. चारही वेळा मी तिच्या हातात होतो.

चौथ्या पराभवानंतर, सतरा वर्षांच्या झालेल्या धांदूने मला गड्डीतून बाहेर काढलं. "हा पांढऱ्या पायाचा आहे, बाबा," ती म्हणाली. "हा आला की मी हरतेच."

 बाबा खाली बघून आपले पत्ते लावत राहिले. मला फार लागलं ते. निदान ते तरी माझी बाजू घेतील असं वाटलं होतं.

वर्षभर मी एका पत्र्याच्या डब्यात पडून होतो. सोबतीला लोखंडी बैल. हा नऊ दिव्यांचा पत्ता. आल्या आल्या धडक मारतो आणि एका धडकेत समोरच्याचे पाच प्राण नेतो. पण नऊ दिवे होईपर्यंत डाव टिकायला हवा ना! बाबांनीच त्याला काढायला लावलं होतं. "पांढरा हत्ती आहे हा," म्हणाले होते. आता पांढऱ्या पायाचा आणि पांढरा हत्ती एकाच डब्यात. बैल आडदांड, पण तक्रार करणारा नव्हता. मी मात्र रोज कुरकुरायचो.

मग एक पत्र आलं. धांदूला विमानदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. गाव दूरचं, राहणं वसतिगृहात, जायला महिना उरलेला. दुकानातली स्पर्धा त्याच्या आधीच्या रविवारी होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने सगळे पत्ते पसरले. बाबा कामावर गेलेले होते. आई बाजूला शर्टांना इस्त्री करत होती. अडतीस पत्ते ठरले. दोन जागा उरल्या. धांदूने डबा उघडला.

"आई, एक सांगू? उद्याही बाबांकडून हरले ना, तर ही गड्डी इथेच ठेवून जाणार आहे मी. तिथे जाऊन पुन्हा नाही खेळायचं."

"खेळात कसली आलीये शपथ?"

"शपथ नाही गं. पण जे आपल्याला येतच नाही ते किती वर्षं करत बसायचं?" तिचा आवाज साधा होता, म्हणूनच मला भीती वाटली. मित्रांनो, गड्डी मागे राहिली तर आम्ही सगळेच मागे राहणार होतो. आणि त्या टेबलावर रविवारी समोरासमोर बसायचं कारणही संपणार होतं.

तिने मला उचललं. "याच्याशिवाय महापूर अडत नाही. पांढऱ्या पायाचा तर पांढऱ्या पायाचा." मग बैल उचलला.

"हा तर बाबांनी काढायला लावला होता," आई म्हणाली.

"हो. म्हणून तर हा असेल असं त्यांना वाटणार नाही. आणि बाबांशी डाव लांबतोच. नऊ दिव्यांपर्यंत पोचतोच."

"म्हणजे अख्खी गड्डी बाबांसाठी बांधलीस?"

"बाकीचे हरवू देत मला. मला काही वाटणार नाही."

आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "दोघांचे हट्ट अगदी एका मापाचे."

रविवारी दुकानात आठ खेळाडू जमले. स्पर्धेची एक पद्धत असते. गड्डीतल्या चाळीस पत्त्यांची यादी आधी लिहून द्यायची आणि मग पंचांकडून पत्त्यांची कव्हरं तपासून घ्यायची. प्रत्येक पत्ता प्लॅस्टिकच्या कव्हरात असतो. चाळीसही कव्हरं मागून हुबेहूब सारखी दिसायला हवीत, नाहीतर गड्डीत पालथा पडलेला पत्ताही ओळखू येईल. पंच म्हणजे मावशीच. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, गड्डी उजेडात धरली, एक एक पत्ता सरकवला आणि माझ्यापाशी थांबल्या.

"हे कव्हर चालणार नाही गं. कोपरा पांढरा पडलाय. खूण झालीये."

"वर्षभर तर वापरलं नाही हे," धांदू म्हणाली.

"त्याआधीचं असेल. गेल्या वर्षी तपासताना माझा चष्मा कपाळावरच राहिला असणार. बघ ना, बाकीच्यांचे कोपरे शाबूत आहेत. याचाच झिजलाय."

धांदूने मला हातात घेतलं. सवयीने तिचा अंगठा कोपऱ्यावर गेला. अगदी त्या पांढऱ्या जागेवर. आणि तिथेच थांबला.



"मावशी," ती हळूच म्हणाली, "हा पत्ता माझ्या हातात असला की तुम्हाला कळतं?"

मावशी चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला काउंटरवरून कळतं. डावीकडचा पत्ता घासायला लागलीस की समजायचं, आलं झाकण."

"मग बाबांना?"

"तुझे बाबा मोटारीचा आवाज ऐकून कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते सांगतात. त्यांना कळत नसेल होय?" आणि मग, बोलून गेल्यावर जीभ चावत, "मांजराने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढायचं तेवढं नाही शिकवलं. सगळेच थोडे थोडे तसे असतात गं."

धांदू बाहेर जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या मुठीत होतो. ती रडली नाही, पण तिचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मी, मित्रांनो, मी शरमेने अर्धा झालो होतो. ज्याला मी माया समजून मिरवत होतो, त्यानेच तिला चार वर्षं हरवलं होतं. पांढऱ्या पायाचा मी नव्हतो. पण निर्दोषही नव्हतो. मला लाड आवडत होते, म्हणून मी कधी विचारच केला नाही.

थोड्या वेळाने ती आत आली. चाळीस नवी कव्हरं घेतली, एकेक पत्ता घातला, आणि खेळायला बसली. पहिला सामना ती सहज जिंकली. दुसऱ्यात मी तिच्या हातात आलो. अंगठा माझ्यावर आला नाही. तो टेबलावर शांत पडून होता. समोरच्या बाईंनी ज्वालामुखी टाकला, आणि धांदूने दोन बटणं उलटवून मला वर ठेवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी मला येताना पाहिलं नव्हतं. तो सामनाही आम्ही जिंकलो.

शेवटच्या सामन्याला समोर बाबा होते.

पुढचं मला दिसलं नाही. मी गड्डीत पालथा होतो, आणि तोही तळाजवळ. माझ्याखाली तीनच पत्ते. एक एक पत्ता वरून उचलला जात होता, पण माझी पाळी येण्याची काही चिन्हं नव्हती. मला फक्त ऐकू येत होतं. जे दिसलं नाही ते नंतर दोघांच्या बोलण्यातून कळलं.

पहिली पाळी बाबांची होती. डाव नेहमीप्रमाणे लांबला. धांदूने तीन लहान प्राणी मांडले होते. ते मिळून दर पाळीला बाबांचे चार प्राण घेत होते. आणि तिने एक केलं. डावीकडचा एक पत्ता पकडून त्याच्या कोपऱ्यावर अंगठा घासायला सुरुवात केली. दोन पिवळी बटणं दर पाळीला तशीच राखून ठेवायची आणि अंगठा चालू.

बाबांनी आमिष टाकलं. टोळधाड. तिच्या प्राणांतले तीन गेले, मांडलेले प्राणी मात्र शाबूत. धांदूने काही केलं नाही.

"झाकत नाहीस?" बाबांनी विचारलं.

"नाही," धांदू म्हणाली.

पुढच्या पाळीला बाबांच्या हातात महापूर होता आणि आठ दिवे पेटलेले होते. त्यांचे तेरा प्राण शिल्लक. महापूर टाकला असता तर धांदूचे तिन्ही प्राणी वाहून गेले असते आणि डाव त्यांचाच होता. मी तळाशी पडून आतल्या आत ओरडत होतो, की टाकतील, आता टाकतील, आणि मी इथे निपचित पडलोय! इतका निरुपयोगी मी त्या खोक्यातही नव्हतो.

वर बाबांच्या पत्त्यांची सरसर ऐकू आली.

"आहे ना झाकण?" बाबा म्हणाले.

"टाकून बघा."

बाबांनी टाकला नाही. त्यांच्याकडे छत्री नावाचा एक पत्ताही होता. दोन दिव्यांची छत्री आधी उघडली की त्या पाळीत तुमचा पत्ता कुणी रद्द करू शकत नाही. आठ आणि दोन, दहा. दोनच पाळ्या थांबायचं होतं. त्यांनी मनात हिशोब मांडला. तेरातून चार गेले की नऊ. नवातून चार गेले की पाच. पाच प्राण घेऊन ते दहाव्या दिव्यापर्यंत पोचत होते, आणि मग छत्री उघडून महापूर. हिशोबात कुठेच चूक नव्हती. मीही त्यांच्या जागी हेच केलं असतं.

धांदूच्या प्राण्यांनी चार घेतले. नऊ उरले. बाबांची पाळी आली, नऊ दिवे झाले, आणि ते पुन्हा थांबले. धांदूची पाळी आली. तिचेही आता नऊ दिवे.

आणि मला बटणांचा आवाज ऐकू आला. टक, टक, टक. दोन दिवे राखायचे तर सातवर थांबायला हवा होता, तो आवाज थांबलाच नाही. आठवं बटण उलटलं. नववं उलटलं. एकही दिवा तिने राखला नाही. अंगठा उचलला, आणि त्याच्याखालचा पत्ता टेबलावर ठेवला.

लोखंडी बैल. त्याचे पाच, आणि लहान प्राण्यांचे चार.

कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवली. बाबांनी महापूर आणि छत्री दोन्ही पत्ते उताणे ठेवले. "झाकण कुठंय?" त्यांनी विचारलं. धांदूने गड्डी उलटी केली आणि मला दाखवलं. बाबा इतक्या मोठ्याने हसले की मावशींचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मी असा पालथा पडून ऐकला, मित्रांनो. मला कुणी हातही लावला नाही. मी असेन, एवढ्या शंकेनेच डाव जिंकला. आधी थोडं वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण मग वाटलं, नऊ वर्षं मी जी वाट बघायला शिकवली, ती पोरीच्या अंगात इतकी मुरली की आता माझीही गरज उरली नाही. 

मंडळी पांगली. मावशी कपाटं बंद करू लागल्या. बाप-लेक टेबलाशीच बसून होते.

"अंगठ्याचं तुम्हाला माहीत होतं," धांदू म्हणाली.

बाबांचं हसू मावळलं. "होतं."

"कधीपासून?"

"तू दहा-अकरा वर्षांची असशील."

"आणि मी याला पांढऱ्या पायाचा म्हटलं, तेव्हा पण बोलला नाहीत. आई विचारते, हरल्यावर एवढी का चिडतेस. मला वाटायचं, मला डोकंच नाही. आज हरले असते ना, तर ही गड्डी घरी टाकून जाणार होते मी, बाबा. कायमची."

बाबांनी पत्ते उचलले, ठोकून सरळ केले, पुन्हा खाली ठेवले. 

"सांगायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "दर वर्षी ठरवायचो. मग वाटायचं, एकदा स्पर्धेत हरवलंस की झालं. मैत्रिणी आहेत, अभ्यास आहे, कशाला बसशील माझ्यासमोर? हरवायचं राहिलंय, म्हणून तरी बसत होतीस रविवारी." मग पत्ते बाजूला सारून म्हणाले, "चुकलं माझं. मोठं चुकलं."

धांदूने मला गड्डीतून उचललं. तिचा राग गेला नव्हता. तिच्या बोटांवरून मला कळत होतं. पण ती बोलली तेव्हा आवाज ओला होता.

"स्पर्धेत तुम्ही चार वेळा जिंकलात. मी एकदा. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे बरोबरी व्हायला अजून तीन वर्षं. तीही मी लागोपाठ जिंकले तर. दर वर्षी सुट्टी टाकून येईन मी. तुम्ही काम आहे, लिफ्ट अडकलीये, असली कारणं द्यायची नाहीत."

बाबांनी मान हलवली. 

"आणि बाबा, बरोबरी झाली तरी मी बसणार आहे. हरवायला म्हणून बसत होते असं वाटलं तुम्हाला? वेडे आहात का?"

मित्रांनो, त्याला आता सहा वर्षं झाली. गड्डी धांदूबरोबर गेली, मीही गेलो. माझी शाई फिकी झाली आहे, पातेल्याखालची आग आता गुलाबी दिसते. माझ्यासारखे पत्ते आता छापत नाहीत. मध्ये एकाने मला बघून सांगितलं, हा काचेच्या चौकटीत ठेवा, हात लावू नका. धांदूने त्याला चहा पाजून परत पाठवलं. तिचे मी आभार मानतो. तुमच्याकडेही जुने पत्ते, जुनी खेळणी असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, चिकट हातांनी धरू नका, पण कपाटात कोंडूही नका. आम्ही हातात झिजायलाच जन्मलो आहोत.

आणि अजून एक मागणं आहे. समोरच्याची चूक दिसली, आणि तो समोरचा आपला असला, तर ती पोटात ठेवून बसू नका. मी जन्मभर योग्य वेळेची वाट बघण्याचा धंदा केला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. पत्ता टाकायला वेळ बघावी लागते. आपल्या माणसाला खरं सांगायला ती बघायची नसते. सात-आठ वर्षं उशीर झाला तरी ते सांगून टाकावं.

स्पर्धेत सध्या बाबा सहा, धांदू पाच. आज रविवार आहे, धांदू सुट्टी टाकून घरी आली आहे, आणि खाली जिन्यात बाबांच्या हत्यारांच्या पिशवीचा आवाज येतो आहे. धांदूने टेबल पुसून बटणं मांडली आहेत, दोघांचीही.